कान्हेरीचा रस्ता पाचपैकी पाच, भाड्याची सायकल पाचपैकी दोन

गाडी सुटायच्या आधी ब्रेक बघायचे, ही माझी चौतीस वर्षांची खोड. मालगाडीचा गार्ड होतो, मध्य रेल्वेत, कल्याणला. ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, म्हणजे ब्रेक ठीक असल्याचा कागद, हातात पडल्याशिवाय शिट्टी तोंडाला लावली नाही. २०२२च्या जानेवारीत रेल्वेनं गार्डाचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, पण तोवर मी निवृत्त झालो होतो, त्यामुळे मी गार्ड तो गार्डच.

तर फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी पावणेसातला बोरिवलीतल्या एका सायकलच्या दुकानासमोर मी भाड्याच्या सायकलचं मागचं चाक उचलून गरगर फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक थांबलं, पण जरा विचार करून थांबलं.

‘‘अरे, हे ब्रेकचे शू घासलेत पार.’’

‘‘चालतंय काका. कालच एक ग्रुप नेऊन आला.’’

‘‘नेऊन आला ते ठीक. थांबवून आला का?’’

पोरगा हसला. पोरगा चांगला होता, एवढ्या सकाळी शटर वर करून उभा होता हेच खूप. त्यानं मागच्या ब्रेकची वायर थोडी ताणून दिली, स्क्रू आवळला, टायरमध्ये दोन-चार पंप हवा मारली. मी पुन्हा दाबून बघितलं. पास करण्याजोगं नव्हतं, पण नापास करून घरी परत गेलो असतो तर बायकोनं महिनाभर ऐकवलं असतं, कारण ती बसनं वर कान्हेरीच्या लेण्यांपाशी येणार होती आणि दशम्यांचा डबा तिच्याकडे होता. घेतली सायकल. इथे माझी पहिली चूक झाली, ती मी कबूल करतो.

भाडं अर्ध्या दिवसाचं साडेतीनशे, अनामत हजार. मालकाला ओरिजिनल आधार कार्ड ठेवून हवं होतं, मी झेरॉक्सवर सही करून दिली आणि त्यावर तारीख आणि ‘सायकल भाड्यासाठी’ असं लिहिलं. तुम्हीही तसंच करा. हेल्मेट मागितलं तर मिळतं, न मागता मिळत नाही. कुलूप मिळालं, चावीसकट. पंक्चरचं सामान आणि स्क्रू ड्रायव्हर मिळाला नाही, आणि ते मागायचं मला सुचलं नाही. ही दुसरी चूक. दुकानाचं नाव लिहीत नाही. एका सायकलवरून दुकान बदनाम करावं असं मला वाटत नाही, आणि माझा मुलगा अजून त्याच गल्लीत राहतो.

आता हा उद्योग कशासाठी, ते सांगतो. मुलाच्या मोबाइलवर ‘टूरिंग’वाल्यांचे फोटो येतात. सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, मागे तंबू, पुढे डोंगर, रस्ता रिकामा. कुठल्या कुठल्या देशांत म्हणे बंद पडलेल्या रेल्वेलाइनी उखडून तिथे सायकलचे रस्ते केलेत. ते ऐकून गार्डाच्या पोटात काय होतं ते विचारू नका, पण रस्ते चांगले आहेत हे मान्य करावं लागतं. रेल्वेची लाइन म्हणजे चढ मोजून-मापून ठेवलेला. मी मुलाला म्हटलं, मलाही असा रस्ता पाहिजे: डोंगर हवा, झाडी हवी, हॉर्न नको आणि संध्याकाळी स्वतःच्या पलंगावर झोपायला मिळालं पाहिजे. मुंबईत हे सगळं एकत्र कुठे मिळणार? आरेत झाडं भरपूर, पण दुचाक्या झाडांहून भरपूर. येऊरचा चढ छान आहे, पण सुटीच्या दिवशी मागून कोण किती घाईत येईल सांगता येत नाही. उरलं नॅशनल पार्क. नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पण बोरिवलीत कुणी ते पूर्ण नाव घेत नाही, रिक्षावाला तर नाहीच. शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल, दोन तलाव, बिबटे, आणि मधोमध बेसाल्टात कोरलेली शंभराहून जास्त लेणी. मुख्य फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता, साधारण साडेसहा किलोमीटर. जाऊन-येऊन तेरा. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, तेरा किलोमीटरला टूरिंग म्हणत नाहीत.’’ मी म्हटलं, ‘‘तू ऑफिसला लिफ्टनं चढतोस, तू गप बस.’’

सोमवारी पार्क बंद असतं, हे लक्षात ठेवा. शनिवार-रविवारी जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण सायकल घेऊन जाऊ नका. अख्खी मुंबई तिथे आलेली असते आणि लहान मुलं बॉलच्या मागे कुठूनही धावतात. बुधवार-गुरुवार उत्तम.

आत शिरल्यावर पहिला एक-दीड किलोमीटर सपाटच म्हणायचा. दहिसर नदी इथे अजून नदीसारखी दिसते. पुढे वस्तीत गेल्यावर तिचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सकाळी चालायला येणाऱ्यांची गर्दी असते, त्यांच्यात एक टोळकं कायम राजकारणावर बोलत चाललेलं असतं आणि रस्त्याची पूर्ण रुंदी वापरतं. घंटी वाजवली तर एकानं मागे न बघताच हातानं ‘जा जा’ केलं. मी गेलो. ‘वनराणी’ या पार्कातल्या छोट्या गाडीच्या रुळाजवळ थांबलो, कारण छोटे का असेनात, रूळ आहेत. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बघितल्याशिवाय पाय पुढे सरकत नाही.

गांधी टेकडी मागे टाकली की माणसं एकदम कमी होतात. आणि मग तो क्षण येतो ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. हायवेचा आवाज जातो. हळूहळू कमी होतो असं नाही, एका वळणावर चक्क बंद होतो, कुणी दार लावून घ्यावं तसा. मी मुद्दाम सायकल मागे नेली, वीस पावलं. आवाज आला. पुन्हा पुढे आलो. गेला. त्या जागेवर एक कुसुम आहे, काही जण कोशिंब म्हणतात, त्याला नवी पालवी फुटली होती, लालभडक. लांबून बघितलं तर फुलंच वाटतात. तिथे उभा राहून मी थर्मासमधला अर्धा कप चहा प्यायलो. घड्याळ बघितलं, आठ वाजून चार मिनिटं. बोरिवली स्टेशनात त्या वेळी फास्ट लोकलच्या दारात माणूस कसा लटकलेला असतो ते मला पाठ आहे.

फेब्रुवारी हा या रस्त्याचा चांगला महिना आहे. साग बोडका, त्यामुळे डोंगराचा आकार दिसतो. पळस पेटलेला. काटेसावरीची जाड लाल फुलं रस्त्यावर पडतात, त्यांच्यावरून टायर गेला तर सायकल सरकते, सांभाळा. कारवीच्या वाळक्या काड्या उतारावर उभ्या दिसल्या. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ साली फुलली तेव्हा मी ड्यूटीवर होतो, २०२४ला मात्र हिला घेऊन बघून आलो, अख्खा उतार जांभळा. आता २०३२. गुडघे तोवर टिकले तर तेही लिहीन. पावसाळ्यात रस्ता हिरवागार, पण कडेला शेवाळ धरतं आणि ब्रेक भिजले की थांबायला दुप्पट अंतर लागतं. पावसात जायचं तर पायी जा.

पक्ष्यांतलं मला फार कळत नाही. तांबट ओळखतो, तो ठोक्याचा आवाज कुणालाही कळतो. शेपटीला दोन लांब तारा लावल्यासारखा एक काळा पक्षी दिसला. हातात दुर्बीण असलेल्या एका मुलीनं सांगितलं, महाभृंगराज, राज्यात बऱ्याच जंगलांत असतो, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. बिबट्या दिसला नाही. दिसावा अशी इच्छाही नव्हती. सकाळ उजाडल्यावर जा आणि संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर या, एवढं केलं की तुमचं आणि त्याचं वेळापत्रक एकमेकांत येत नाही.

या रस्त्याला वाहनमुक्त म्हणतात, तर तो किती मुक्त, हा तुमचा प्रश्न असणार. गार्डाला डायरी लिहायची सवय असते, प्रत्येक स्टेशनची वेळ टाकायची. मी फाटकापासून वरपर्यंत मोजलं. बस चार. वन विभागाची जीप एक. मोटरसायकली सहा, त्या पाड्यांवरून कामाला निघालेल्या माणसांच्या, आणि त्यांना हॉर्न मारायची गरज पडली नाही कारण मीच बाजूला होत होतो. पाण्याचा टँकर एक. एकूण बारा, पावणेदोन तासांत. हॉर्न दोन. मुंबईत राहून यापेक्षा जास्त मागणं म्हणजे माथेरानला जाणं.

पाड्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. हे जंगल रिकामं नाही, वारली लोकांचे पाडे आत आहेत, आपल्या आधीपासून. रस्त्याच्या कडेला बायका काकडी, बोरं, आवळे, चिंचा घेऊन बसतात. मी एका आजींकडून वीस रुपयांची काकडी घेतली. त्यांनी चार फाका केल्या, त्यावर तिखट-मीठ लावलं आणि माझ्या हेल्मेटकडे बघत विचारलं, ‘‘पडलाव काय?’’

‘‘नाही, पडू नये म्हणून घातलंय.’’

‘‘मंग हलू चाला.’’

सगळ्या प्रवासात मिळालेला सर्वात उपयोगी सल्ला तोच होता, आणि तो काकडीबरोबर फुकट मिळाला.

आता चढ. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण चढाबद्दल सायकलवाले पोरं फार मोघम बोलतात. ‘थोडा स्टीप आहे’ म्हणजे काय? रेल्वेत चढाला आकडा असतो. भोर घाटात, कर्जत ते लोणावळा, तो १:३७ आहे. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. ऐकायला काहीच नाही. पण पोलादी रुळावर पोलादी चाक, त्याची पकड किती? त्या एवढ्याशा चढासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात, ती मागून ढकलतात. आमच्या मालगाडीला तर ब्रेकव्हॅनच्या पाठीशी बँकर धडधडत यायचे, माझ्या पाठीत त्यांची कंपनं अजून आहेत. नेरळ-माथेरानची छोटी गाडी, १९०७ सालची, तिला १:२० चढावा लागतो, म्हणून गेज दोन फुटांचं, वळणावर वळणं. रबराच्या टायरला डांबरावर पकड खूप चांगली मिळते, त्यामुळे सायकल घसरत नाही. घसरते ती मांडी.

कान्हेरीचा रस्ता पहिले चार-साडेचार किलोमीटर सभ्य आहे. थोडा चढ, थोडा उतार, श्वास लागतो पण बोलता येतं. उजवीकडे तुळशी तलावाकडे फाटा जातो, तिकडे जायला परवानगी नाही. तलाव १८७९चा, आणि विहार त्याच्याही आधी, १८६०चा. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते विहारचं. आपण जे जंगल-जंगल म्हणतो ते टिकलं याचं एक मोठं कारण हे तलाव. पाणलोट राखायचा म्हणून झाडं राखली गेली. ठीक आहे, कारण कुठलंही असो.

शेवटच्या दीड किलोमीटरला रस्ता रंग दाखवतो. माझ्या अंदाजानं तिथे काही ठिकाणी १:१२ असेल. अंदाज डोळ्याचा आहे, पण डोळा चौतीस वर्षांचा आहे.

आणि तिथेच भाड्याच्या सायकलनं दगा दिला. हायब्रिड सायकल, पुढे तीन चक्र्या, मागे सात. पुढची सर्वात लहान चक्री अठ्ठावीस दात्यांची, मागची सर्वात मोठीही अठ्ठावीस. म्हणजे पेडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, सायकल सव्वादोन मीटरच्या आतबाहेर पुढे. चौसष्ट वर्षांच्या माणसाला एवढं पुरतं. मधली चक्री अडतीसची. तिच्यावर एका फेऱ्यात सायकल जवळजवळ तीन मीटर जाते, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला तेच वजन तेवढं जास्त वर उचला. मी डाव्या हातानं गिअर खाली टाकला. खट्ट आवाज आला. चेन होती तिथेच. पुन्हा टाकला. पुन्हा खट्ट. पुढचा पिंजरा, जो चेनला बाजूला ढकलतो, तो आत यायलाच तयार नव्हता. त्याला दोन बारीक स्क्रू असतात, त्यातला एक अर्धा फेरा फिरवला असता तर प्रश्न मिटत होता. स्क्रू ड्रायव्हर नव्हता. चावीनं प्रयत्न केला, चावी वाकली असती तर कुलूपही गेलं असतं.

शेवटी उतरलो, सायकल झाडाला टेकवली, बोटानं चेन उचलली आणि हातानं लहान चक्रीवर बसवली. बोटं काळीकुट्ट. सागाचं एक वाळकं पान घेतलं, हाताएवढं मोठं, पालथ्या बाजूनं खरखरीत, काचकागदासारखं. त्यानं ग्रीस असं ओरबाडून निघतं की कॉटन वेस्टसुद्धा काढणार नाही. तीन पानं लागली. ही गोष्ट मला रेल्वेत कुणी शिकवली नाही, नाहीतर घाटात सागाला काय तोटा होता! पुन्हा चढलो. लहान चक्रीवर काय सुख होतं म्हणून सांगू, पाय आपोआप फिरायला लागले. दोनशे मीटर. मग पिंजऱ्याला घासून घासून चेन पुन्हा मधल्या चक्रीवर चढली.

त्यानंतर मी ढकलत गेलो. मागून एक बस आली, खिडकीतून ओळखीचा आवाज आला, ‘‘अहो, बँकर लावू का?’’

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तिनं रेल्वेचे एवढेच शब्द उचललेत आणि नेमके वापरते.

वर पोचलो तेव्हा नऊ वीस झाले होते. लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. सायकल तिकीट खिडकीच्या जवळ उभी केली, तिथल्या सुरक्षा रक्षकानं सांगितलं तिथे, कुलूप लावून. लेण्यांवर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत, मी दोनच गोष्टी सांगतो. एक, तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात आधी जा, दहाच्या आत, सहली यायच्या आधी. आत शिरल्यावर घाम असा सुकतो की शर्ट थंड पडतो. दोन, शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावं आहेत आणि त्यात कल्याण आहे, सोपारा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी माझ्या गावचे व्यापारी इथवर पैसे पाठवत होते. आणि नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी, म्हणजे जुन्या इराणच्या, लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१चे, पारशी मंडळी येऊन नावं कोरून गेली. आज कुणी खडूनं बदाम काढला तर आपण शिव्या देतो, हजार वर्षं थांबलं की तोच पुरावा. असो. पाण्याच्या टाक्या मात्र नीट बघा. पावसाचं पाणी कातळात खोदलेल्या पन्हळीतून टाकीत, एका टाकीतून दुसरीत. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर, आणि त्या काळ्या दगडातून त्यांनी अख्खी पाणीपुरवठा योजना काढली.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. खायला बसायच्या आधी डबा उघडू नका हे मी तुम्हाला सांगायला हवं, कारण आम्हाला कुणी सांगितलं नाही. लोणावळ्याच्या वाटेवर घाटात आमचं एक ठिकाण आहे, मंकी हिल. तिथे मी नोकरीभर माकडं बघितली, त्यामुळे मला वाटायचं माझी त्यांच्याशी ओळख आहे. कान्हेरीच्या माकडानं ती ओळख दाखवली नाही. आम्ही दशम्या सांभाळत बसलो आणि त्यानं दहा फुटांवर उभ्या सायकलच्या हँडलवरची पिशवी गाठली. पिशवीची चेन ओढली, नीट, दोन बोटांनी, माणसासारखी. पिशवी मुलाची होती. आतून चिक्कीचं पाकीट घेतलं. मग एक छोटी प्लास्टिकची डबी बाहेर काढली, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि खाली टाकली. ती डबी मुलानं पिशवीत ठेवलेल्या पंक्चरच्या सामानाची होती. त्यात एक छोटा स्क्रू ड्रायव्हरही होता! आख्खा चढ मी ती पिशवी समोर बघत आलो आणि आत हात घालून बघितलं नव्हतं.

बायकोनं काही म्हटलं नाही. फक्त दशमी चावत राहिली.

स्क्रू अर्धा फेरा फिरवला. चेन लहान चक्रीवर टुणकन बसली. आता उतारच होता, तिचा उपयोग शून्य.

उताराला नापास ब्रेक घेऊन निघायचं म्हणजे माझ्या नोकरीत गुन्हा. भोर घाटात उतारावर कॅच साइडिंग असतात. मुख्य लाइनपासून एक रूळ वर डोंगराकडे चढत जातो आणि संपतो. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड, मुळात त्या साइडिंगच्या बाजूलाच लावलेला असतो. गाडी तिथे येऊन उभी राहिली, म्हणजे ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मग सिग्नल मिळतो आणि पुढे जायचं. ब्रेक गेलेले असतील तर गाडी आपोआप साइडिंगला चढते आणि थांबते. उतारावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्या व्यवस्थेचं सार. मी ठरवलं, कान्हेरीच्या उतारात चार ठिकाणी पूर्ण थांबायचं, पाय जमिनीला लावायचे, मग पुढे. पुढचा ब्रेक हलका, मागचा दाबून धरलेला, ढुंगण जरा मागे. मागच्या ब्रेकमधून आधी चिरका आवाज, मग लोखंड घासल्याचा कोरडा आवाज यायला लागला. रबर संपलं आणि आतली पट्टी रिमला लागली की येतो तो आवाज. दुसऱ्या थांब्यावर बघितलं, रिमवर चांदीसारखी चकचकीत रेघ.

तिसऱ्या थांब्यावर वन विभागाचे एक वनरक्षक उभे होते. मी थांबलो, पाय लावले, इकडेतिकडे बघितलं, निघालो. त्यांनी हाक मारली.

‘‘काका, काही हरवलंय का? मघापासून बघतोय, थांबत थांबत येताय.’’

‘‘ब्रेक तपासतोय. गार्ड होतो रेल्वेत.’’

‘‘मीपण गार्डच,’’ ते म्हणाले. मग वाकून माझं मागचं चाक बघितलं आणि गंभीर झाले. ‘‘पुढचं वळण झालं की सपाट आहे. तेवढं ढकलत न्या.’’

ढकलत नेलं. दुसऱ्या गार्डाचा सिग्नल मोडायचा नसतो.

बारा वाजायच्या आधी दुकानात. मालक स्वतः होता. मी सायकल उलटी उभी केली, काही न बोलता रिमवरची रेघ दाखवली. त्यानं बोट फिरवलं, पोराकडे बघितलं, पोरगा पंप उचलून आत गेला. मालक वाद घालत बसला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहायला पाहिजे. अनामत पूर्ण दिली, भाड्यातले शंभर परत केले, आणि माझ्यासमोर चारही ब्रेक शू नवे टाकले. एका जोडीची किंमत विचारली, ऐंशी रुपये. ऐंशी रुपयांसाठी माणसं उतारावर सोडायची? विचारलं मी हे. म्हणाला, ‘‘काका, कुणी बघतच नाही ओ. गिअर किती आहेत एवढंच विचारतात.’’ खरं असावं. म्हणून सांगतो, कुठल्याही दुकानातून सायकल घ्या, आधी दोन्ही चाकं उचलून ब्रेक दाबा, शूचं रबर नखाएवढं तरी जाड आहे का बघा, पुढचा गिअर लहान चक्रीवर खरोखर उतरतो का ते तिथेच पेडल फिरवून बघा, आणि पिशवी कुणाचीही असो, निघायच्या आधी उघडून बघा. सायकलला दोन दिले ते एक सीट आरामशीर होती म्हणून आणि एक मालकानं शू बदलले म्हणून. रस्त्याला पाचपैकी पाच.

दुखणं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी मांड्या, तिसऱ्या दिवशी नाही. गुडघ्यांनी तक्रार केली नाही. मुलानं संध्याकाळी विचारलं, किती किलोमीटर झाले? तेरा म्हटलं. ढकलत किती? ते मी डायरीत लिहिलेलं नाही.

हिला मात्र बस पटली नाही. ‘‘खिडकीतून झाडं नीट दिसतच नाहीत, आणि तुम्ही त्या आजींची काकडी एकट्यानं खाल्लीत,’’ असं म्हणाली. पुढच्या बुधवारी तिलाही सायकल हवी आहे. मी दुकानात फोन केला. मधला दांडा नसलेली, साडी नेसून चालवता येईल अशी एकच सायकल आहे, गुलाबी रंगाची, पुढे जाळीची टोपली, गिअर नाहीत. ही म्हणाली चालेल, चढावर ढकलेन, तुम्हीही ढकलताच. मग म्हणाली, ‘‘पण आधी चाक उचलून बघा हं. आणि चिक्की माझ्या पर्समध्ये राहील.’’